चार बांगड्यांची गाडी

आम्ही गोरेगावहून बोलतोय, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. दर वेळी आम्ही पापड, शेळ्या, नाहीतर बँकेच्या हप्त्यांवर बोलतो. आज गाड्यांवर बोलणार आहोत, आणि त्याही परदेशी नावाच्या. हसू नका, आधी ऐका.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या अकरा जणी प्रदर्शनात माल मांडायला छत्रपती संभाजीनगरला निघालो. भाड्याची जीप, मागे चटणी-पापडाची खोकी. जालना सुटलं तशी गाड्यांची रांग वाढली. आमच्यातल्या एका आजींना अक्षरओळख नाही, पण आकडे पक्के; भाजी विकण्यात जन्म गेला त्यांचा. त्या खिडकीशी बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "बाई बाई, त्या गाडीच्या तोंडावर चार बांगड्या हायेत!"

ड्रायव्हरदादांनी सांगितलं, ती ऑडी. जर्मनीची. आम्ही मोबाईलवर शोधलं तर कळलं, १९३२ साली तिथल्या चार मोटार कंपन्या एकत्र आल्या, म्हणून एकात एक अडकवलेली चार कडी. तिथून मग खेळच सुरू झाला. गोलात तीन पात्यांचा पंखा दिसला की मर्सिडीज. निळ्या-पांढऱ्या चार फोडींची टिकली म्हणजे बीएमडब्ल्यू. पंख लावलेला बाण म्हणजे स्कोडा, ती झेक देशाची. तिरका एच म्हणजे ह्युंदाई, कोरियाची. एकात एक लंबगोल म्हणजे टोयोटा, जपानची. आमच्या गावात लग्नाला येते ती इनोव्हा परदेशी कंपनीची, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीतच नव्हतं. आजींचा प्रश्न वेगळाच होता. "त्या पंख्यावाल्या गाडीत वारं जास्त लागतं का?"

त्यांनी दुसरं विचारलं ते मात्र खरं कामाचं होतं. या गाड्या जहाजातून येतात का? तेवढ्यात शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आली. स्कोडाचा कारखाना तिथं २००१ पासून आहे, ऑडीही तिथंच जोडली जाते. म्हणजे गाडीचं नाव जर्मन असलं तरी तिचे नटबोल्ट आवळणारा पोरगा करमाडचा असू शकतो. तिथंच रस्त्यावर एक गाडी दिसली, अंगभर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांचा कागद चिकटवलेला, जशी काही पोरीनं विस्कटलेली रांगोळी. पाटी लाल, अक्षरं पांढरी. बाजारात न आलेली गाडी अशी झाकून चालवून बघतात, तिचा आकार कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

शहरात पोचलो तर पंखेवाल्या गाड्या बऱ्याच. त्याची एक गोष्ट आहे. २०१० च्या ऑक्टोबरात तिथल्या उद्योजक, डॉक्टर, व्यापारी मंडळींनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा माल. एकेकट्यानं न जाता सगळे मिळून गेले, म्हणून कंपनीशी भावाची आणि बँकेशी कर्जाची बोलणी करता आली. आमच्या अध्यक्षताई हे ऐकून म्हणाल्या, "मग हा बचत गटच की! आपण शेळ्या घेतल्या तशाच." फरक इतकाच की आमच्या शेळ्यांना अजून कुणी पेपरात छापलं नाही.

परतताना वेरूळला गेलो. लेण्यांच्या वाहनतळावर एक उंच, धुळीनं माखलेली गाडी उभी, वरती सामान, आत बिछाना आणि शेगडी. स्टेअरिंग डावीकडं! पाटी लांबुळकी, तिच्या डाव्या टोकाला निळी पट्टी, पट्टीत बारा ताऱ्यांचं वर्तुळ आणि खाली इंग्रजी डी. डी म्हणजे जर्मनी. ही मात्र खरीखुरी बाहेरून आलेली. असे प्रवासी कस्टमच्या कागदावर ठरावीक मुदतीसाठी गाडी आणतात आणि जाताना परत नेतात. पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर रस्ता उजवीकडं बसलेल्या बाईला आधी दिसतो; ती "चल" म्हणाली की नवरा गाडी काढतो. यावर आमच्या जीपमध्ये बराच वेळ चर्चा झाली, ती रेडिओवर सांगण्यासारखी नाही.

आता हे सगळं आम्ही इतक्या हौसेनं का शिकलो, ते सांगतो.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या दिराला दिवेलागणीला एका गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. तिथं पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी एकच सांगितलं, पांढरी होती, मोठी होती, भारीतली होती. पांढऱ्या, मोठ्या, भारीतल्या गाड्या जिल्ह्यात किती असतील? पाय मोडला, ऑपरेशन झालं, आणि गटातून उचललेले ४० हजार ती अजून फेडते आहे.

गाडीचा पत्ता लागलाच नाही, तर २०२२ पासूनच्या सरकारी योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडं. पण गाडी सापडली तर तिच्या विम्यातून भरपाई मागता येते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. तिथं दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व, सगळं धरतात. या दोन वाटांमधलं अंतर त्या पाटीवरच्या चार आकड्यांचं आहे.

म्हणून आता आम्ही असं करतो. चौघी असलो तर शेवटच्या चार आकड्यांतला एकेक आकडा एकेकीनं धरायचा आणि मोठ्यानं म्हणत राहायचं. पाचवी असेल तर तिनं तोंडावरचं चिन्ह बघायचं. मग सुरुवातीचा जिल्हा. एमएच ३८ आपलं हिंगोली, ३७ वाशिम, २२ परभणी, २६ नांदेड, २० संभाजीनगर. पाटीचा रंगही सांगायचा. पांढरी म्हणजे खासगी, पिवळीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची, हिरवी म्हणजे विजेवरची, काळीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं घेतलेली. फोटो काढायच्या नादात रस्त्यात उभं राहायचं नाही. आधी १०८ ला फोन, जखमीजवळ एक जण, मग ११२ वर पोलिसांना नंबर. एम-परिवहन ॲपवर तो नंबर टाकला की विमा चालू आहे का तेही दिसतं.

आजी सगळ्यांत पुढं आहेत. परवा गिरणीवरून धापा टाकत आल्या. "बांगड्या नव्हत्या, पंखा नव्हता, तिरका एच होता. अडतीस नाही, सदतीस. शेवटी दोन, चार, नऊ, सात. लई जोरात गेली." आम्ही चौकशी केली, तर गाडी गल्लीतल्याच एका घरच्या पाहुण्यांची निघाली, वाशिमची. आजी म्हणाल्या, "असू दे. चहा पाजा त्यांना. आकडा माझ्या ध्यानात आहे म्हणावं."