डिस्क बदलण्याआधी

आजचा भाग काकांच्या वसईतल्या फोटो स्टुडिओतून. मागे घरघर ऐकू येतेय ना, तो आमचा सर्व्हर. वय वर्षं दहा. पोटात २ टीबीच्या ४ डिस्क, रेड ५ मध्ये. एका डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी जाते, उरते ६ टीबी. कॉम्प्युटर दाखवतो साधारण ५.४. ती जवळपास भरलीय. दहा वर्षांची लग्नं, बारशी, सगळं त्यातच.

काका म्हणाले, "अरे, चालतंय ना? मोठ्या डिस्क आण, बसव, झालं!" मीही तेच ठरवलं होतं. मग स्मार्ट रिपोर्ट काढला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती ही. एका डिस्कचा ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा आकडा दर आठवड्याला वाढत होता. म्हणजे खराब जागा सोडून ती राखीव जागा वापरायला लागली होती.

खरी गोम पुढे आहे. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तर डेटा वाचतो. पण नवी टाकली की तिच्यावर तो पुन्हा उभा करायला बाकीच्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, तासन्‌तास. तिन्ही तितक्याच म्हाताऱ्या. त्या वेळात आणखी एक उडाली की सगळं गेलं. एकेक करून चारही बदलायच्या, म्हणजे हा जुगार ४ वेळा! शिवाय काही जुन्या रेड कार्डांना २ टीबीच्या वरची जागा दिसतच नाही.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर डिलीट केला, तर तो गेलाच. आमचा बॅकअप कुठे होता? त्याच खोलीत, तळमजल्यावर, खालच्या कप्प्यात. जुलै २०१८ चा पाऊस आठवा: नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, लोकल बंद. वसईकरांना आणखी काय सांगू?

म्हणून प्लॅनच उलटा केला. आधी ८ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर पूर्ण कॉपी. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबी धरा; ५ टीबीला साडेबारा तासांहून जास्त. मग चेकसम जुळवले, चार-पाच जुनी लग्नं उघडून बघितली. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा! ती डिस्क गेली विरारला, मावशीकडे, चौथ्या मजल्यावर. त्यानंतरच नवा बॉक्स: ८ टीबीच्या २ डिस्क, दोन्हींवर तेच. वर्षाला साधारण ७०० जीबी वाढतात, म्हणजे सुमारे ४ वर्षांची सोय. जुना सर्व्हर महिनाभर तसाच ठेवणार, पुसायचा नाही.

काका खर्चावरून कुरकुरत होते. तेवढ्यात एक ताई आल्या. वडील नुकतेच गेलेले. "माझ्या लग्नात पप्पा नाचले होते, तेवढं मिळेल का?" मिळालं. काउंटरवरच त्यांनी तीनदा बघितलं. ताई गेल्यावर काका एवढंच म्हणाले, "मावशीला विचार, दुसरी डिस्क ठेवेल का?"

तुमच्या फोनमधल्या फोटोंची दुसरी कॉपी कुठे आहे? आज एकदा उघडून बघा. भेटूया पुढच्या भागात.