पाचही दारांशी विचारा



 हे संमेलन तुम्ही गावात भरवलंत याचा मला विशेष आनंद आहे. कारण आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, त्या स्किझोफ्रेनियाची पहिली खूण दवाखान्याआधी घरातल्या माणसांना दिसते.

एका पेशंटबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पंचविशीतला मुलगा, घरी कापसाची शेती. पाण्याचा तांब्या नाकाशी न्यायचा, हुंगायचा आणि मोरीत ओतून द्यायचा. भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला घालून ते नीट चालतंय ना, हे बघत बसायचा. आई खचली होती. शेजारी म्हणाले, बाहेरचं झालंय, सैलानीच्या दर्ग्यावर न्या. मी त्याला विचारलं, ‘कानात आवाज येतात का?’ तो ‘नाही’ म्हणाला आणि मी तिथेच थांबलो. तिसऱ्या भेटीत आईच बोलली, ‘डॉक्टर, त्याले पान्यात फवाऱ्याच्या औषधाचा वास येते.’

पुढचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. ती चूक मी विसरलेलो नाही.

या आजारात आवाज ऐकू येणं सर्वांत जास्त आढळतं, म्हणून आपण कानाशीच अडकतो. पण भास डोळ्यांना होतात, नाकाला होतात, जिभेला आणि कातडीलाही होतात. एकाच माणसाला दोन-तीन इंद्रियांचेही होऊ शकतात. आवाज ऐकू येत असताना मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर भाषेचे आणि ऐकण्याचे भाग खरोखर जागे झालेले दिसतात. म्हणजे पेशंट नाटक करत नसतो. त्याच्यापुरता तो आवाज आहे, तो वास आहे. ‘तुझ्या मनाचे खेळ’ असं म्हटलं की तो गप्प होतो आणि आपल्याला काहीच कळेनासं होतं.

भास घरच्या मातीचा रंग घेतात. लुरमन या अमेरिकी संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी 20 पेशंटशी बोलून आवाजांची तुलना केली. अमेरिकेतल्यांना बरेचदा हिंसक, धमकावणारे आवाज यायचे. चेन्नईतल्या अनेकांना नात्यातल्या माणसांचे, घरकाम सांगणारे. आपल्या कापूसपट्ट्यात भासाला कीटकनाशकाचा वास यावा, यात नवल नाही.

म्हणूनच एक सावधगिरी. तो वास खरा तर नाही ना, हे आधी बघा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, हे आपण विसरू शकत नाही. नुसतंच काहीबाही दिसत असेल, तर दारू अचानक सुटली आहे का, ताप आहे का, ते विचारा. क्षणभर विचित्र वास येऊन माणूस हरवल्यासारखा होत असेल, तर फिटचा विचार करा. कोणत्या इंद्रियाला भास होतो, यावरून निदानाची वाट कळते.

आता सैलानीबद्दल. पिंपळगाव सराईच्या त्या दर्ग्यावर दूरदूरची माणसं आपलं दुखणं घेऊन येतात. त्यांच्या श्रद्धेला मी हात जोडतो. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दुवेसोबत दवाही मिळते; तसं आपल्याकडेही व्हावं. साखळी, मार आणि मिरचीची धुरी मात्र नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी या दर्ग्याच्या गावी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या पेशंटना पळताही आलं नाही. 28 माणसं गेली.

आशा सेविका ताईंनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. कुणी एकटं पडलं, जेवण टाकलं, झोप उडाली असं दिसलं, तर पाच इंद्रियांच्या पाचही दारांशी एकेक प्रश्न विचारा. कुणी नसताना बोलणं ऐकू येतं का? इतरांना न दिसणारं काही दिसतं का? वेगळाच वास येतो का? अन्नाची चव बदलली का? अंगावर काही सरपटतंय, कुणी हात लावतंय असं होतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर वाद घालू नका. ‘मला जाणवत नाही, पण तुला जाणवतं आणि त्याचा त्रास होतो, हे मला पटतं’ एवढं म्हणा आणि डॉक्टरांकडे आणा. जमत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा फोन चोवीस तास सुरू असतो.

तो मुलगा आज औषधावर आहे. वास पुरता गेलेला नाही, कधीमधी येतो. पण आता तो तांब्या ओतून देत नाही. आईपुढे धरतो आणि विचारतो, ‘तुले येते का वास?’ ती हुंगते, ‘नाही रे बाप्पा’ म्हणते. मग तो पाणी पितो.