संगणक उपाशी होता

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, आली आणि माझा संगणक मुका झाला. आत वीस वर्षांच्या कविता! दुकानदार म्हणाला, ‘चाचा, जुना झालाय, नवाच घ्या.’

मन मानेना. मागच्या एसएमपीएसचा पंखा फिरत नव्हता. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेतून संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारी ही पत्र्याची पेटी. ती गेली की बाकी सारे धडधाकट असूनही उपाशी. शेजारच्या मुलाने त्याच्याकडचा एसएमपीएस लावून पाहिला. संगणक लगेच सुरू झाला!

नवा घेताना मोठ्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. लेबलवर १२ व्होल्टपुढचे अँपिअर पाहा आणि त्यांना १२ने गुणा. ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या घरगुती संगणकाला तेवढे पुष्कळ. आकार जुन्याएवढाच हवा.

बदलताना आधी प्लग काढा, जोडण्यांचा फोटो घ्या. मदरबोर्डचा २४ पिनांचा, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा आणि डिस्कचे कनेक्टर सोडवा, मागचे चार स्क्रू काढा. नवा बसवून तसेच जोडा. पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा झटका शिल्लक असू शकतो.

कविता पडद्यावर आल्या, तेव्हा पहिल्यांदा त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. एसएमपीएस बाजारात मिळतो. हरवलेली ओळ मिळत नाही.