कॅसेटवर तिचं नाव

आज हिशेबाची वही मिटून ठेवूया आणि गाण्यांबद्दल बोलूया.

१९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं. व्हिडिओत आपला मिलिंद सोमण. गाणं कुठल्याच सिनेमातलं नव्हतं, तरी देशभर वाजलं. अशा गाण्यांना इंडीपॉप म्हणायचे. दलेर मेहंदी, लकी अली त्यातलेच. १९९७ मध्ये आशाताईंनी साठी ओलांडल्यावर लेस्ली लुईससोबत 'जानम समझा करो' हा अल्बम केला. पुढच्या वर्षी फाल्गुनी पाठक आली, शर्ट-पँट घालून गरबा गाणारी.

सिनेमात गाते एक आणि पडद्यावर ओठ हलवते दुसरीच. इथे कॅसेटवर गाणारीचा फोटो, तिचंच नाव. सोलं आपण वाळवायची आणि पाकिटावर नाव व्यापाऱ्याचं, हे सोसलेल्या बायांना यातला फरक वेगळा सांगायला नको.

२००० सालचं 'मन के मंजीरे' मला सगळ्यांत आवडतं. 'ब्रेकथ्रू' या संस्थेने ते काढलं, शुभा मुद्गल यांनी गायलं. मारहाणीचं घर सोडून गाडी चालवायला लागलेल्या बाईवरून ते सुचलेलं. व्हिडिओत मीता वशिष्ठ ट्रक चालवते. सिनेमावाल्यांनी असलं गाणं घेतलं असतं?

मग हे सगळं ओसरलं कसं? लोकांची आवड बदलली म्हणतात, मला तेवढंसं पटत नाही. पैसा कंपन्यांचा, दाखवणारे टीव्ही चॅनेलवाले. गाणाऱ्यांच्या हातात काय होतं? सिनेमाच्या गाण्याला नट-नट्या आणि जाहिरात आयती मिळते, कंपन्या तिकडे वळल्या. त्यात एका सीडीत शंभरेक गाणी भरून चोरीचा माल बाजारात आला. कॅसेट कोण घेणार? मग रिमिक्स, मग टीव्हीवरच्या स्पर्धा. २००५ मध्ये अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला, त्याचा अल्बमही खपला. पण गाणारी मुलं पुढे सिनेमाचीच वाट बघू लागली.

आपल्या शेजारी गोव्यात, शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी मात्र १९८० च्या दशकातच घरी गाणी रेकॉर्ड केली आणि कॅसेटी स्कूटरवरून स्वतः दुकानांत पोचवल्या.

तर बायांनो, फुगडीची गाणी ज्यांना येतात त्यांनी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून आपल्या केंद्राकडे पाठवा. गाण्याआधी स्वतःचं नाव आणि गाव सांगा. नुसतं 'अमक्याची सून' नको.