शस्त्रक्रियेनंतरची तालीम

तालमीत आयुष्य घालविलेला साठीचा गृहस्थ हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके निघताच जोरबैठकांकडे वळू पाहतो. धोका येथेच असतो. त्वचेची जखम साधारणतः २ आठवड्यांत भरते. आतील भाग बळकट होण्यास मात्र बराच अधिक काळ लागतो. श्वास कोंडून जोर काढल्यास पोटातील वाढलेला दाब त्याच जागेवर येतो. म्हणून ४ ते ६ आठवडे जड वजन उचलण्यास सामान्यतः मनाई असते. तथापि अंथरूण धरून राहणेही अहितकारकच. उतारवयात त्यामुळे स्नायू झपाट्याने क्षीण होतात. आरंभी चालावे, पुढे हलके सूर्यनमस्कार घालावेत, जोरबैठका अखेरीस. तरुणपणी ज्याने वस्तादाचा शब्द प्रमाण मानला, त्याने आता शस्त्रवैद्याचा मानावा.