घरच्या बाईची हौस कोणत्या खात्यात?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाचा भाव झाला, विजेचं झालं, पीकविम्याचं झालं. आता जो विषय आमच्याकडे दिला आहे तो ऐकून मागच्या बाजूची काही मंडळी तंबाखू मळायला बाहेर जातील, याची आम्हाला कल्पना आहे. विषय आहे घरच्या बाईची हौसमौज. जाणाऱ्यांनी खुशाल जावं. जाताना एवढंच आठवावं की तंबाखूच्या पुडीचे पैसे आपण कोणाला विचारून घेतले होते. आजचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. आईला विचारून सांगतो आहोत. ती पुढंच बसली आहे, काही चुकलं तर बोलेल.

आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतो. घरी सहा एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि ज्वारी. त्या काळात एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, कार्ड बापाच्या नावावर, चुकारा बापाच्या हातात, तोही हप्त्याहप्त्यानं. आई दिवसभर वेचायची. संध्याकाळी परत येताना ओटीत दोन-तीन मुठी कापूस राहायचा. गावाच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं. आई पदराआड तो कापूस द्यायची. दुकानदार तराजू हातात धरल्यासारखं करायचा आणि बदल्यात चहापत्तीची पुडी, कागदात पावशेर साखर आणि आम्हा भावंडांना दोन गोळ्या द्यायचा. भाव विचारायची सोय नव्हती, कारण माल चोरीचा होता. तिच्याच शेतातला, तिनंच खुरपलेला, तिनंच वेचलेला, आणि तरीही चोरीचा. दुपारी घरात कोणी नसताना ती त्या पत्तीचा कपभर चहा करायची, दुधाचा. एकटी बसून बशीत ओतून प्यायची. तेवढीच तिची हौस.

एका वर्षी हे उघडकीला आलं. घरात मोठा गहजब झाला. आजीनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "घरातच चोर निघाला." बाप एरवी मारणारा माणूस नव्हता, पण त्यानं पुडी चुलीत टाकली. आई काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिनं चहा सोडला. पुढं परिस्थिती सुधारली, घरात दोन म्हशी आल्या, बापानं स्वतः कप पुढं केला. तिनं घेतला नाही.

आम्ही कृषी पदवीधर. उत्पादन खर्च कसा काढायचा हे शिकलो आणि नंतर गावोगाव फळ्यावर लिहून दाखवलं. बी, खत, औषध, मजुरी हा रोखीचा खर्च, त्याला म्हणतात ए-टू. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की होतं ए-टू अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला तो ए-टू अधिक एफएलवर, सी-टूवर नाही. हे आम्ही तुमच्यापुढं किती वेळा ओरडून सांगितलं आहे. एकदा घरी अंगणात बसून असाच तक्ता करत होतो. आमच्या सौभाग्यवतीनं विचारलं, "यात घरच्या माणसाची मजुरी धरली म्हणता. मी खुरपायला गेले ते धरलं. पण पहाटे उठून खुरपणाऱ्या आठ बायांच्या भाकरी टाकल्या, पाणी आणलं, शेण काढलं, ते कुठं आहे?" आम्ही तक्ता खालीवर पाहिला. कुठंच नव्हतं. शेतात पाय ठेवल्यापासून शेताबाहेर पडेपर्यंतची बाई हिशेबात आहे. त्याच्या आधीची आणि नंतरची नाही.

सरकारनं देशभर लोकांच्या दिवसाची वेळ मोजली आहे. २०२४ च्या मोजणीत घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं घरच्या बिनपगारी कामात घालवतात असं निघालं. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, ते ८८ मिनिटं. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे, हे वेगळं सांगायला नको. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. वेचणीच्या दिवसात शेतातले आठ तास यावर चढवा आणि झोप किती उरते ते घरी जाऊन मोजा.

आता एक साधी हौस घ्या. गरम भाकरी. माणसाला तव्यावरची भाकरी आवडते, बाईलाही आवडत असेल. पण ती तिला मिळत नाही, आणि याला नुसता स्वभाव कारण नाही, धान्यही कारण आहे. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो. कणीक मळून ठेवता येते, पोळी मऊ राहते. ज्वारीत तो चिकटपणा नाही. पिठाला कढत पाणी लागतं, त्यानं थोडं पीठ शिजतं आणि गोळा धरतो. मळून ठेवलं की काठ फाटतात. म्हणून एकेका भाकरीपुरतं काठवटीत मळायचं, थापायची, तव्यावर टाकायची, पाणी लावायचं, आरावर फुगवायची. सात माणसांच्या घरात सकाळच्या पंधरा भाकरी. चौदा गरम भाकरी चौदा वेळा ताटात जातात. थापणारीचं ताट वाढेपर्यंत तिच्या वाट्याची टोपल्यात वाळलेली असते, किंवा मोडकी असते. वर्षाचे ३६५ दिवस हेच.

ज्वारीचा पेरा का घटला, यावर आम्ही पुष्कळ भाषणं ऐकली आणि केली. सोयाबीन आलं, ज्वारीला भाव नाही, पाखरं राखायला माणूस नाही, काढणीला मजूर नाही, रेशनवर गहू-तांदूळ आधी स्वस्त आणि २०२३ पासून फुकट. सगळं खरं. पण चुलीपुढच्या बाईच्या हातानंही या पिकावर मत दिलं असणार, हे आम्ही कृषीवाले कधी बोललो नाही. ज्वारी परत आणायची असेल तर भाकरी थापणारे हात वाढवावे लागतील. आम्ही दोन वर्षांपूर्वी शिकलो. पहिला महिना काठ फाटायचे आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. आता आठवड्यातून दोन दिवस आम्ही तव्यापुढं बसतो आणि घरातल्या बायका आधी जेवतात. यात मोठेपणा काही नाही. पंधरा भाकरींनंतर पाठ कशी धरते एवढं मात्र कळलं.

हुरड्याचंही असंच. गूळभेंडी किंवा सुरतीची कणसं आगटीत भाजायची, गरम गरम चोळायची, तिळाच्या चटणीबरोबर खायची. शहरातले लोक आता पैसे मोजून यासाठी येतात. आपल्या शेतात पाहुण्यांना हुरडा चोळून देताना कोणाचे तळहात भाजतात, आणि तिला कोणी मूठभर चोळून दिला का, हे या हंगामात जरा बघा.

चहाबद्दल कृषीवाल्याचं नाही, पण शिकलेल्या माणसाचं एक सांगणं आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं आहे. अशा बाईनं जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाचं अंतर ठेवा, आणि भाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त लागतं. पण आम्हाला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या चहाची. जेवणाऐवजीचा चहा. "भूक मेली, आता काय जेवायचं" असं म्हणून घेतलेला कोरा चहा. मिश्रीचंही तेच. दातांना लावायची म्हणतात, पण खरं तर भूक आणि थकवा दोन्ही मारायला. पाच मिनिटं बसायला दुसरं निमित्तच घरात चालत नाही. मिश्री सोडा म्हणून सांगणारे डॉक्टर बरोबर आहेत. त्या पाच मिनिटांची दुसरी सोय करणं मात्र घराचं काम आहे.

माहेराचा विषय काढला की बायका इथंच डोळे पुसतील, म्हणून थोडक्यात. दिवाळीला माहेरी जायचं आणि दिवाळीलाच कापूस फुटतो. फुटलेला कापूस पावसात सापडला तर प्रत जाते, म्हणून "एवढी वेचणी होऊ दे, मग जा." वेचणी संपते तोवर भाऊबीज गेलेली असते. मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. भाडं अर्धं झालं, सुट्टी मात्र घरानं दिली नाही. आमच्या ओळखीच्या एका गावात चार घरांनी मिळून तोडगा काढला. भाऊबीजेच्या आधी चारी घरांची वेचणी सावड करून उरकायची, पुरुषांनीही ओटी बांधायची. पुरुषांना त्या चार दिवसांत कळलं की वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत कशी घुसतात, आणि रात्री बायका बोटांना तेल का चोळतात.

आता भाऊ म्हणतील, इथं कर्जाचा हप्ता फिटत नाही, हौस कुठली काढता? प्रश्न रास्त आहे. शेती तोट्यात आहे हे आम्हीच सांगत फिरतो. पण तोट्याची वाटणी घरात कशी होते ते बघा. पैसा कमी पडला की पहिल्यांदा कोणाच्या चहातलं दूध जातं? कोणाची चप्पल पुढच्या वर्षावर जाते? पुडीचं आणि गाडीच्या पेट्रोलचं सगळ्यात शेवटी निघतं.

म्हणून आकडाच मांडतो. रोज एक कप दुधाचा चहा, दहा रुपये धरा, वर्षाचे ३६५०. माहेरच्या दोन खेपा, अर्ध्या तिकिटानं ४००. शेतात घालायला नीट बूट किंवा चप्पल ३००. बांगड्या २००. एकूण ४५५०. पाच एकर कपाशीवरची एक फवारणी औषध आणि मजुरीसह आमच्या हिशेबानं साधारण तेवढ्यातच जाते. आणि आपण शेजाऱ्यानं मारली म्हणून किती फवारण्या मारतो? गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यामागे आठ पतंग, तेही सलग तीन रात्री, सापडले किंवा शंभरातली पाच-दहा हिरवी बोंडं किडलेली निघाली तर फवारा. नुसत्या भीतीपोटी मारू नका. एक बिनकामाची फवारणी वाचली तर घरच्या बाईचं वर्ष निघतं. कृषी पदवीचा याहून चांगला उपयोग आम्हाला अजून सापडलेला नाही.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये बाईच्या खात्यात. आम्ही बैठकांत बायकांना विचारत गेलो, काय केलंत? युरिया आणला, पोराची फी भरली, नवऱ्याच्या गाडीचा हप्ता दिला. एक म्हातारी म्हणाली, "तीस वर्षांनी जिलेबी विकत घेतली, आणि घरी नेण्याआधीच एकटीनं खाल्ली." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. मग लक्षात आलं, ती आजही लपूनच खात होती.

तेव्हा मागणी अशी आहे. सरकारकडे नाही, इथं बसलेल्यांकडे. ज्वारीची पट्टी असो की कापसाची, ती सातबारावाल्याच्या खात्यात जमा होते. ती आली की खताची उधारी मोजायच्या आधी घरच्या बाईची रक्कम बाजूला काढायची. उघड काढायची, सगळ्यांदेखत, आणि वहीत मजुरीच्याच रकान्यात लिहायची. त्याचं तिनं काय केलं ते विचारायचं नाही. तिनं युरिया आणला तर तो तिचा, जिलेबी खाल्ली तर तिची. सासूबाईंनाही विनंती आहे. तुम्हाला मिळालं नाही हे खरं, आम्ही ते भरून देऊ शकत नाही. पण सुनेच्या कपाकडे बघताना आमच्या आजीसारखं गल्लीला ऐकवू नका. जमलं तर आपलाही कप तिच्याकडूनच मागून घ्या आणि दोघी बसा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं घरची वही आणायची आहे. रकाना कोरा असला तरी आणा.

मागच्या बाजूला चहा उकळला आहे. आज तो पुरुषांनी केला आहे, साखर जरा जास्त पडली असेल. आधी बायकांना द्या. आमची आई चहा घेत नाही. तिला काय हवं ते कोणीतरी विचारा.