मोटारीचे डिझेल आणि मंडळाचा हिशेब

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला आज चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी विषय विचारला. त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीविषयी बोला." हळदीकुंकवाला जमणाऱ्या मंडळात मोटारीच्या डिझेलवर भाषण, हे ऐकून पुढच्या रांगेतल्या काकू हसल्या, ते मी पाहिले. पण काकू, डाळ शिजताना झाकण ठेवायचे आणि भाताला उकळी आली की गॅस बारीक करायचा, हे तुम्हांला कोणी भाषण करून शिकवले होते काय? ज्या बाईला चुलीपुढे जळण वाचवता येते तिला मोटारीतही वाचवता येते. फक्त जळण कोठे जाते ते ठाऊक हवे.

विषय निघाला तो आपल्या फेरीवरून. मंडळाचे मेतकूट, शेवया आणि काळा मसाला असा माल महिन्यातून दोनदा कऱ्हाडहून चिपळूणला जातो, आणि परत येताना आमसुले, कुळथाचे पीठ, फणसाची साटे येतात. वाट पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटातून. गावातले फिरणे धरून जाऊनयेऊन सुमारे दोनशे किलोमीटर होतात. गाडी माझी, २०१८ सालची स्विफ्ट, डिझेलवरची; डिझेल मंडळाच्या खर्चाने. मागल्या वार्षिक सभेत खर्चाचा आकडा वाचला गेला आणि दोन सूचना आल्या: मेतकुटाच्या पुडीमागे पाच रुपये वाढवावेत, नाहीतर चिपळूणची फेरी बंद करावी. फेरी बंद म्हणजे भाजणी-दळणीच्या कामावरच्या सात बायकांचे निम्मे काम बंद. त्यांतल्या दोघींच्या घरी दुसरी मिळकत नाही, हे या सभेला मी सांगायला नको. तेव्हा किंमत वाढवण्याआधी खर्च कमी होतो का ते पाहावे, असे ठरले. आपले चालकदादा गावी गेल्यामुळे गाडी मी हाकणार होतेच. वही घेऊन बसले.

वहीचे काम सोपे आहे. पंपावर टाकी काठोकाठ नव्हे, तर नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथपर्यंत भरायची आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तितकीच भरायची. मध्ये चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागले की झाले. एका टाकीवरून निर्णय करू नये, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी. शंभर-दोनशे रुपयांचे डिझेल टाकून काटा किती हलला त्यावरून "गाडी अमुक ॲव्हरेज देते" असे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. ते पीठ न मोजता भाकरी किती झाल्या ते सांगण्यासारखे आहे.

कंपनीच्या आकड्याशी तुलना करून कोणी खट्टू होऊ नये. माझ्या गाडीच्या नावावर लिटरला २८.४ किलोमीटर असा आकडा छापलेला होता. तो खोटा नव्हे. ही चाचणी प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर उभी करून होते. वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही, वातानुकूलन बंद असते. तेथे कुंभार्ली घाट नसतो, मसाल्याची पोती नसतात आणि पाटणच्या बाजारात आडवी येणारी म्हैसही नसते. चालकदादांच्या हाती आमच्या फेरीला १६ पडत होते. आता २० पडतात. दोनशे किलोमीटरला साडेबारा लिटरऐवजी दहा लिटर. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरले तर फेरीमागे सव्वादोनशे रुपये वाचले. वर्षाच्या चोवीस फेऱ्यांचे पाच हजार चारशे होतात. मेतकुटाची किंमत वाढली नाही ती त्यामुळे.

हे कसे झाले ते सांगण्याआधी डिझेलच्या यंत्राचा स्वभाव सांगते. पेट्रोलच्या यंत्रात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीने पेटवतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे यंत्र चालवून दाखवले त्यात ठिणगी नाही. आत घेतलेली हवाच इतकी दाबतात की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपसूक पेटतो. पेट्रोलच्या गाडीत पाय हलका ठेवला की हवेच्या वाटेवरचे झाकण मिटत जाते आणि यंत्राला त्या मिटल्या दारातून श्वास ओढावा लागतो; त्यात ताकद जाते. डिझेलच्या यंत्राला तसा कोंडमारा नाही. हवा मोकळी घ्यायची, आणि काम हलके असेल तर फवारा बारीक करायचा. म्हणून हलक्या पायाने चालवणाऱ्याला हे यंत्र भरभरून देते. माझ्या गाडीतले १२४८ सीसीचे यंत्र मुळात इटलीच्या फियाटचे. मारुती, टाटा आणि फियाट अशा तिघांच्याही गाड्यांत ते बसले होते. एकाच पिठाच्या भाकऱ्या तीन तव्यांवर. या यंत्राचा जोर दोन हजार फेऱ्यांच्या आसपास सर्वांत जास्त असतो. तेव्हा काटा साडेतीन हजारांपर्यंत किंचाळत नेऊन गिअर बदलण्यात काही अर्थ नाही. दोन हजारांच्या जरा पुढे गेला की वरचा गिअर टाकावा. मात्र उलटही करू नये. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी धडधडू लागली, तर खालचा गिअर घेण्यात कमीपणा नाही. गुदमरलेले यंत्र डिझेलही खाते आणि धूरही ओकते.

आता घाट उतरण्याविषयी. येथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण येथे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे अनेक घरांत अशी समजूत आहे की उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंधन वाचते. काही जण तर यंत्रच बंद करतात. माझे दीर हे अभिमानाने सांगतात. ही समजूत आली कोठून? जुन्या कार्ब्युरेटरच्या ॲम्बॅसिडर आणि फियाट गाड्यांतून. त्यांत गिअरमध्ये उतरताना यंत्र जोराने फिरे आणि थोडे थोडे पेट्रोल ओढतच राही. आजच्या डिझेल गाडीत तसे नाही. गाडी गिअरमध्ये आहे आणि वेगाच्या पट्टीवरून पाय पूर्ण उचललेला आहे, असे दिसले की तिचा संगणक फवारा बंदच करतो. यंत्र चाकांच्या जोरावर फिरत राहते, डिझेल शून्य. वेग फार उतरून यंत्र बंद पडायच्या बेताला आले की मग फवारा परत सुरू होतो. उलट न्यूट्रलमध्ये टाकलीत, तर चाके यंत्राला फिरवत नाहीत, म्हणून ते जिवंत ठेवायला डिझेल जाळावेच लागते. म्हणजे वाचवायला गेलेला माणूस खर्च करतो.

आणि धोका पत्करतो. गिअरमधले यंत्र गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. कुंभार्लीसारख्या घाटात वळणामागून वळण ब्रेक दाबत उतरलात तर ते तापतात आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. यंत्र बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते, पायाखाली दगड दाबल्यासारखे वाटते. सुकाणू जड होते, आणि किल्ली काढली तर कुलूपबंदही होऊ शकते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या ट्रकवाल्यांची रीत सोन्यासारखी आहे. आपल्या घरी गाडी कोणी का हाकेना, शेजारच्या आसनावर बसलेल्या बाईने घाटात गिअरच्या दांड्याकडे लक्ष ठेवावे आणि न्यूट्रल दिसला तर स्पष्ट बोलावे. यजमान रागावले तर रागावू द्या. पोरे मागच्या आसनावर असतात.

सपाट रस्त्यावर दोनच गोष्टी सांभाळायच्या: वेग आणि दूरवर नजर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवा दीडपटीहून अधिक जोराने अडवते. पुण्याला महामार्गाने जाताना मी ८० धरते. घड्याळात थोडी मिनिटे जास्त जातात, ती जाऊ देते. आणि पुढे सिग्नल लाल दिसतो आहे, बैलगाडी दिसते आहे, तर तिच्यापर्यंत धावत जाऊन ब्रेक दाबायचा नाही. लांबूनच पाय उचलायचा. ब्रेक दाबणे म्हणजे आधी जाळलेले डिझेल उष्णता करून वाऱ्यावर सोडणे. चालकदादांचा आणि माझा फरक निम्म्याहून अधिक येथेच पडला असावा, असे मला वाटते. ते फार चांगले चालक होते, पण त्यांना घाई असे.

टायरमधली हवा पंधरवड्याला पाहावी. गाडी थंड असताना, म्हणजे घरून निघून दोन-तीन किलोमीटरच्या आत. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि हवा भरणारा पोऱ्या "ठीक आहे ताई" म्हणून मोकळा होतो. किती भरावी ते चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेले असते, आणि पुष्कळ गाड्यांना भार असतानाचा वेगळा आकडाही दिलेला असतो. आमच्या मसाल्याच्या दिवशी मी तो धरते. टपावरचे कॅरिअर रिकामे असेल तेव्हा काढून ठेवावे; रिकामे असले तरी ते वारा अडवतेच. डिकीत वर्षभर पडलेले सतरंज्यांचे गाठोडे आणि गेल्या गणपतीतले मखर उतरवावे, हे मी येथे कोणाकडेही न बघता म्हणते.

उभ्या गाडीत यंत्र चालू ठेवणे हा आणखी एक चोर. लहान डिझेल यंत्र नुसते घरघरत तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पिते. "पाचच मिनिटांत येते" म्हणून वाण्याकडे गेलेली बाई किती वेळाने येते ते आपण जाणतो. फाटकाशी, रांगेत, मिनिटापेक्षा अधिक थांबायचे असेल तर यंत्र बंद करावे. अपवाद एक: घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नये. टर्बो तापलेला असतो, त्याला अर्धा मिनिट तेल फिरू द्यावे. सकाळी थंडीत किल्ली फिरवल्यावर वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सुरू करावे, आणि सुरू झाल्यावर दहा मिनिटे तापवत न बसता सावकाश निघावे. चालती गाडी लवकर तापते. हवेची आणि डिझेलची गाळणी वेळेवर बदलावी; डिझेलच्या गाळणीत साचलेले पाणीही काढायला सांगावे.

बाजारात इंधन वाचवण्याची लोहचुंबके, गोळ्या आणि बाटल्या मिळतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या कार्यालयातच विकायला आले होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असल्या शंभरावर युक्त्या तपासल्या, त्यांतल्या फारच थोड्यांनी काही फरक पाडला, आणि तोही किरकोळ. ते पैसे टायरच्या हवेला द्या. पहाटे डिझेल भरले की जास्त मिळते, हेही खरे नाही. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तेथे पहाट आणि दुपार सारखीच. पंपावर मात्र खाली उतरून "डिझेल" असे मोठ्याने सांगावे. डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडले तर किल्लीही फिरवू नये, गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करवावी. डिझेल हेच पंपाचे वंगण असते, पेट्रोलने ते धुऊन जाते आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाची बचत गिळतो.

दोघी-तिघींनी मला विचारले की आम्हीही डिझेलची घ्यावी का. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, आणि त्यानंतर लहान डिझेल गाड्या बाजारात कमीच झाल्या. त्या तारखेपासूनच्या नव्या डिझेल गाड्यांना काजळी धरणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायला गाडी मधूनमधून लांब पळवावी लागते. ज्यांचे जाणे घर, शाळा, मंडई एवढेच आहे त्यांच्या गाडीची ही गाळणी तुंबते. त्यांनी पेट्रोलची घ्यावी, किंवा शाळा जवळ असेल तर चालावे. लांबच्या फेऱ्या असतील तरच डिझेल परवडते.

माझी वही कार्यालयाच्या कपाटात, मेतकुटाच्या हिशेबाशेजारी ठेवली आहे, कोणीही पाहावी. पुढच्या फेरीला शेजारचे आसन रिकामे आहे. गिअर शिकायची असेल तिने चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. घाट मी उतरवीन, सपाटीवर गाडी तिच्या हाती देईन.